चिरलेला कान

त्या खोऱ्यात ‘दांडगी’ हा शब्द सगळीकडे चालायचा. बर्फ वितळून कुरणात घुसली की नदी दांडगी. दुसरीच्या ताटलीतला केक उचलला की पोर दांडगी. आणि स्टेइनवर नावाची बाई तर दांडगीच. सरकारी साहेबांना हटकून तिनं नदीवर पूल बांधून घेतला, तेव्हापासून लोक हे कौतुकानं म्हणतात, अशी तिची समजूत होती. “असू दे दांडगी,” ती म्हणायची, “मिळमिळीत बायकांचे पूल कागदावरच राहतात.”

सप्टेंबरात डोंगरावरची मेंढरं खाली आणून गोल दगडी कोंडवाड्यात घातली, आणि जो तो आपापली ओळखून भोवतीच्या आपल्या कप्प्याकडे ओढू लागला. स्टेइनवरनं एका करड्या मेंढीची शिंगं समोरून पकडली. तेवढ्यात तिची धाकटी जाऊ हाल्दीस आली. दोघींच्या नवऱ्यांनी शेत वाटलं तेव्हा खूणही वाटली होती. थोरल्याच्या मेंढरांचा उजवा कान चिरायचा, धाकट्याच्यांचा डावा.

“स्टेइनवर, ही माझी वाटते. बाटलीनं दूध पाजून वाढवलीय मी.”

“वाटते कशी? उजवा कान चिरलाय, दिसत नाही?”

“जरा हात लावून बघू दे ना.”

“हात लावून काय नवा कान फुटणारे? सरक.”

मेंढी हाल्दीसच्या खिशाला नाक घाशीत होती.

“खिशात पाव असला की कुणाचीही मेंढी लाडात येते,” स्टेइनवर म्हणाली. आजूबाजूचे हसले. हाल्दीसही ओशाळं हसली आणि बाजूला झाली.

कप्प्यात स्टेइनवरच्या लेकीनं, स्वानलौगनं, मेंढी दोन्ही पायांत धरली, मागून कान चाचपले, मग पुन्हा चाचपले.

“काय गं?”

“आई, तू कान समोरून बघितलेस. चिरलाय तो डावा.”

स्टेइनवरच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. डावं-उजवं मेंढीचं धरायचं, आपलं नव्हे, म्हणून नेहमी मागून बघायचं, हे खोऱ्यातल्या निम्म्या पोरांना तिनंच डाफरून शिकवलं होतं.

“मागच्या फाटकानं सोडू हिला,” स्वानलौग हळूच म्हणाली. “सापडली की काकू नेईल. कुणाला कळायचं नाही.”

स्टेइनवरनं मान डोलावली. फाटकाच्या कडीला हातही लावला. मग स्वतःचीच किळस येऊन तिनं मेंढीचं शिंग धरलं आणि भर कोंडवाड्यातून तिला परत नेलं. भिंतीवर बसून गाणी म्हणणारे गायचे थांबले.

“हाल्दीस, ही तुझी. मी कान उलटा वाचला.”

“ठाऊक होतं.”

“मग तोंड का नाही उघडलंस?”

“उघडलं की. तू सरक म्हणालीस.” हाल्दीसचा आवाज चढला नाही. “मागल्या साली ती काळी नेलीस, तेव्हाही सरकच म्हणालीस. मग मी हट्ट धरणंच सोडलं.”

काळी मेंढी. ती तर कापून, धुरी देऊन, नाताळात खाऊनही झाली होती. हाल्दीसला पंगतीला बोलावलं होतं. तिनं त्या मांसाला हात लावला नव्हता, आणि “हिचे नखरे फार” असं स्टेइनवरच चारचौघांत बोलली होती.

“माझ्या कप्प्यातली बघून घे. हवी ती ने,” स्टेइनवर म्हणाली.

“मला माझीच हवी होती.”

हाल्दीसनं आपल्या कप्प्याचं फाटक मेंढीपुरतं उघडलं, तिला आत घेतलं, आणि कडी लावली. स्टेइनवर बाहेर उभी राहिली.