वाट पाहणारं टर्मिनल

"आईनं मदतीला पाठवलं ना तुला?" दार उघडताच भाची म्हणाली.

"हो. नको असेन तर जातो."

"आलास तर बस. फक्त बोलू नकोस."

मी बसलो. तिनं लिहिलेला प्रोग्राम नोंदी साठवताना गोगलगायीसारखा चालायचा. सकाळी तिनं सगळ्या टीमला मेल ठोकली होती: दोष फणसनं लिहिलेल्या, डिस्क चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये आहे, कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा तिथंच अडकतो. फणस हे तिनं एका सहकाऱ्याला ठेवलेलं नाव. बाहेरून काटेरी आणि आतूनही काटेरीच, असं ती सांगायची. दुपारच्या बैठकीत तिला पुरावा द्यायचा होता. नाही जमलं, तर काम फणसकडे जाणार आणि नोकरीत कायम होण्याची आशाही मावळणार.

कर्नलमधली कोणती फंक्शन्स, म्हणजे कोडचे कोणते तुकडे, चालतात याचा माग ती पहिल्यांदाच काढत होती. पडद्यावर वाट पाहणारी तीच ती फंक्शन्स दिसत होती.

"हे बघ. डिस्कची वाट बघतंय."

"डिस्कचीच कशावरून?"

"मग काय, तुझी?"

मी पडद्याकडे वाकलो. कुणाचा माग काढायचा म्हणून तिनं दिलेला क्रमांक मी पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"माझंच चुकत असेल, पण तू आईवर पाळत ठेवली आहेस. पोराला कामाला धाडून ती दारात बसलीय. पोर काय करतंय, ते यात कुठंच नाही."

"कोड्यात बोलू नकोस, मामा."

"हा क्रमांक टर्मिनलचा आहे, तू आज्ञा टाइप करतेस त्या खिडकीचा. प्रोग्राम त्याच्या पोटी जन्मतो, त्याचा क्रमांक वेगळा. पोरांचाही माग घेण्याचा पर्याय असतो, तो चालू कर."

"हे आल्या आल्या सांगता येत नव्हतं?"

"बोलू नकोस म्हणालीस."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागं सरकवली. तेवढ्यात फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"काय मॅडम, सापडला का माझा गुन्हा?" फणस होता.

"ठेव फोन."

नवा माग आला. फणसच्या ड्रायव्हरची फंक्शन्स येत होती आणि चटकन परतत होती. पण दर नोंदीमागं एक फंक्शन हटून बसत होतं: ही नोंद डिस्कवर पोचल्याशिवाय पुढं जायचं नाही. तिनं स्वतःचा प्रोग्राम उघडला. ती सक्ती तिनंच लिहिली होती, प्रत्येक नोंदीसाठी.

तो भाग तिनं दोनदा वाचला.

"तू आला नसतास तर बरं झालं असतं."

"जुना माग अजून आहे," मी पुटपुटलो. "तो दाखवलास तरी कुणाला कळायचं नाही..."

"मला कळलंय ना आता!" ती माझ्यावर खेकसली. चूक मीच केली होती जणू.

मग तिनं फणसला फोन लावला. "तुझा ड्रायव्हर ठीक आहे. चूक माझ्या प्रोग्रामची. बैठकीत दोन्ही माग दाखवते आणि मेल मागं घेते. घे हसून."

तो हसला. मला टेबलापलीकडं ऐकू येत होतं. त्याचं हसणं संपेपर्यंत तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"जाताना दार ओढून घे," ती मला म्हणाली आणि दुरुस्तीला लागली.