पाठीतला श्वास

शिवणकामात उभी हयात गेलेल्या मास्तरांना गावभरच्या पाठी तोंडपाठ होत्या. कुणाचा डावा खांदा उतरलेला, कुणाला पोक, कुणाची पाठ फळीसारखी सपाट, हे माणूस दारातून आत येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलेलं असायचं. स्वतःची पाठ मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती नुसती दुखायची. खांद्याच्या दोन्ही पात्यांच्या मधोमध, जिथे ना उजवा हात पोचतो ना डावा, तिथे कुणी खुंटी ठोकून ठेवल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी बायको मलम चोळायला बसली की यांचं सुरू व्हायचं, "जरा वर. नाही, खाली. अगं, डावीकडे."

"एकदा नीट पत्ता सांगा," ती म्हणायची, "म्हणजे माझी पायपीट वाचेल."

शेवटी तिनंच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला, हाडं ठणठणीत निघाली. डॉक्टरांनी मग फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे पाठवलं. बाई कसली, मास्तरांच्या धाकट्या लेकीच्या वयाची पोर. तिने त्यांना स्टुलावर बसवून हात छातीवर दुमडायला लावले. "काका, कंबर न हलवता आधी डावीकडे वळा, मग उजवीकडे."

डावीकडे छान वळले. उजवीकडे वळताना निम्म्यातच गाडी अडली. मास्तरांना नवल वाटलं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तिथंच अडली.

"हे असं का?"

"ते तुम्ही शोधा. मी दाबून मोकळं करीन, पण मशीनवर बसलात की परत तेच. तुमची पाठ तुम्हालाच हलवता आली पाहिजे. हे मधले मणके नुसते बसून राहिलेत, आणि त्यांच्या वाटचं काम मान आणि कंबर करतायत."

चार भावांत वाढलेल्या मास्तरांना हा प्रकार लगेच कळला.

तिने टॉवेलची घट्ट गुंडाळी केली, पाठीच्या मध्यावर येईल अशी आडवी ठेवली आणि त्यांना तिच्यावर उताणं झोपवलं. गुडघे वर, डोकं हातांच्या तळव्यांवर. श्वास सोडत डोकं अलगद मागे न्यायचं, मग गुंडाळी थोडी वर सरकवायची. कंबरेखाली ती घ्यायची नाही, कळ मारली किंवा हाताला मुंग्या आल्या तर थांबायचं. मग रांगायच्या बैठकीत एक हात छातीखालून पलीकडे सारायचा, खांदा जमिनीकडे जाईपर्यंत.

"हे तर सुईत दोरा ओवणं झालं," मास्तर म्हणाले.

"तसं म्हणा. आणि श्वास पाठीत घ्या."

हे शेवटचं मात्र त्यांच्या डोक्यावरून गेलं. श्वास माणूस छातीत घेतो, फार तर पोटात. पाठीत कसा घ्यायचा?

दुपारी दुकानाचं दार लोटून ते कापड बेतायच्या टेबलावर गुंडाळी घेऊन आडवे होऊ लागले. तिथून छताकडे बघता बघता एक दिवस त्यांना उजव्या बाजूचं कोडं सुटलं. मशीन उजव्या भिंतीला चिकटून होतं. कातर, इस्त्री, आरसा, गिऱ्हाईक, सगळं डावीकडे. उजवीकडे वळून बघावं असं काही नव्हतंच. त्यांनी मशीन भिंतीपासून लांब ओढलं आणि मधल्या जागेत, उजव्या हाताला, इस्त्री मांडली. पुढचे काही दिवस हात सवयीने डावीकडे जायचा, आणि मास्तर स्वतःवरच चरफडत उजवीकडे वळायचे.

अशात गावच्या बँडमधला ट्रम्पेटवाला त्याचा कोट घेऊन आला. पाठीची मधली शिवण पुन्हा उसवली होती. मास्तरांनी ती कितीदा शिवून दिली होती आणि दर वेळी त्याच्या पोटाला दोष दिला होता.

"मास्तर, निदान दोरा तरी बदला."

मास्तर कोट घेता घेता थबकले. त्या पोरीचं 'श्वास पाठीत घ्या' त्यांना आठवलं. "कोट राहू द्या बाजूला. माझ्याकडे पाठ करा, आणि वाजवण्याआधी घेता तसा श्वास घ्या."

त्यांनी पात्यांच्या खालून टेप गुंडाळली. ट्रम्पेटवाल्याने श्वास घेतला आणि टेप मास्तरांच्या चिमटीतून सरसर सुटली. बरगड्या मागच्या अंगाला अशा उघडल्या की ते बघतच राहिले.

"मी माप घेताना तुम्ही काय करता?"

"काय करणार? टेप लागली की श्वास धरून उभा राहतो. सगळेच राहतात की."

मास्तर स्टुलावर बसले. म्हणजे आजवर त्यांनी गावाची मापं घेतली ती श्वास कोंडलेल्या माणसांची.

"हे मला शिकवा," ते म्हणाले.

ट्रम्पेटवाल्याने त्यांच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले. "माझे हात ढकला. खांदे उचलू नका. नाकाने घ्या, सावकाश." आधी काहीच हललं नाही. बऱ्याच खटपटीनंतर डावा तळवा जरासा हलला, आणि मग उजव्या बाजूला, त्या खुंटीच्या जागी, काजातून गुंडी सुटावी तसं काहीतरी सुटलं. मास्तर हसायला लागले, त्यामुळे श्वास वाया गेला. तेवढ्यात डबा घेऊन आलेली बायको दारात उभी राहिली. नवरा भिंतीकडे तोंड करून फुसफुसतोय आणि पाहुणा त्याला मागून धरून उभा.

"काय चाललंय?"

"माप घेतोय," ट्रम्पेटवाला म्हणाला.

"कुणाचं?" तिने विचारलं, पण उत्तराची वाट न बघता डबा ठेवला.

मास्तरांनी कोटाची मधली शिवण पूर्ण उसवली, आत पट्टी जोडून लपती चुणी घातली, अस्तरही सैल सोडलं. मग दुकानातच वाजवायला लावलं. ट्रम्पेटवाला लांबलचक सूर धरून होता तेव्हा मास्तर त्याच्या पाठीशी उभे राहून चुणी कशी उघडते नि मिटते ते निरखत होते. शिवण जागची हलली नाही. त्यांच्या स्वतःच्या पाठीने काही साफ पिच्छा सोडला नाही. काम वाढलं की अजून दुखते, पण टॉवेल घेऊन पडलं की सैल होते, आणि त्या वेळात विचार करायला मिळतो म्हणून मास्तर तो वेळ चुकवत नाहीत.

काही दिवसांनी बँडमधला ढोलवाला आला. त्याचा कोट काखेत अडायचा. मास्तरांनी टेप गळ्यात अडकवली, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "माप नंतर. आधी वाजवून दाखवा."