आईचं मशीन

“बाबा, आपलं भांडी धुण्याचं मशीन कोणत्या बटणानं सुरू होतं?”

हा प्रश्न प्रत्येकीनं घरी जेवताना विचारायचाच, अशी मैत्रिणींची पैज लागली होती! चिमणीनं पहिला घास घेण्याआधीच विचारून टाकला.

बाबा हसले. “ते आईचं खातं. मला फार तर फ्रीज उघडता येतो!”

चार दिवस राहायला आलेली आत्याही हसली. आई मात्र हसली नाही. “कुठलंही बटण दाबा, त्यात पाणीच भरत नाही. नुसतं घुरघुरतं आणि लाल दिवा लागतो.”

चिमणीचा घास हातातच राहिला. म्हणजे इतके दिवस आई सगळी भांडी हातानं घासत होती? साबणानं तिची बोटं फुटायची, भेगांतून रक्त यायचं, म्हणून तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मशीन घेतलं होतं! त्यात आई भरतकाम करून देणारी. बोटं हीच तिची सगळी मिळकत.

“तुझं भरतकाम कसं चाललंय गं?” आत्यानं विचारलं.

“थांबलं. पांढऱ्या रेशमी झग्याला माझ्या बोटाचं रक्त लागलं. काम देणाऱ्या दुकानवाल्या बाई आल्या नि उरलेले कपडे तेवढे उचलून घेऊन गेल्या.”

चिमणी ताडकन उठली. मशीनला पाणी देणारा सिंकखालचा नळ पाहिला, तो उघडाच होता. तिनं मशीनचा स्विच बंद केला आणि बाबांना हाताशी घेऊन मशीन पुढे ओढलं. मागे पाण्याची नळी भिंतीशी पार चेपली होती! व्यायामाच्या सायकलीला जागा करायला बाबांनी मशीन मागे रेटलं होतं ना, तेव्हाच. नळी सरळ केली, मशीन लावलं, आणि आत पाणी खळखळलं.

“झालं की!” बाबा ओरडले. “अगं, एवढंच होतं तर सांगायचंस ना!”

“सांगितलं होतं. मला एकटीला ओढवत नव्हतं. तुम्ही म्हणालात, तुझं मशीन, तू बघ.”



“काय रे,” आत्या बाबांना म्हणाली, “मशीन तिचं, मग आतली ताटं कोणाची? काल तुझ्या सायकलीचं पेडल निखळलं तेव्हा दुरुस्तीला माणूस लगेच बोलावलास. आणि हिच्या हातांतून रक्त येतं ते दिसलं नाही?”

बाबांची मान खाली गेली. “चुकलंच माझं. मी बोलू का त्या बाईंशी?”

“नको. त्यांनी काम दुसरीला दिलंय.” आईनं ओढणीखाली हात लपवले.

वाचकहो, नळी सरळ झाली, पण गेलेलं काम परत आलं नाही! ज्या घरात सगळे जेवतात, त्या घरातली भांडीही सगळ्यांचीच असतात. एवढं कळायला कुणाची बोटं फुटायची वाट का पाहावी?

चिमणीनं डोळे पुसले.

“आई, बाबा, ऐका! मी ठरवलंय. आजपासून भांडी मी आणि बाबा करणार. आणि आई, तुझे हात बरे होईपर्यंतच नाही हं. बरे झाल्यावरसुद्धा!”