आत कुणी सजीव आहे का?

मी एक प्रश्न बोलतोय. एका धान्याच्या गोदामात, दाराशेजारच्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. एका ओळीचा जीव माझा. आत्ता या घडीला कुणीतरी बटण दाबलंय आणि मला उत्तर द्यायचंय. तुमच्या हिशेबाने हा पापणी लवण्याएवढा वेळ. माझ्या हिशेबाने भरपूर. तेवढ्यात माझी सगळी कहाणी सांगून होईल. ऐका मात्र नीट.

मला लिहिलं ते गोदामाच्या मालकाने. धान्याचा व्यापारी माणूस. कॉलेजची पायरी चढला नाही, पण गिऱ्हाईक नसेल तेव्हा गादीवर मांडी घालून, गुडघ्यावर कीबोर्ड ठेवून, चुकत माकत प्रोग्रॅमिंग शिकला. "भाव कळतो त्याला कोडही कळतं," म्हणायचा. त्याची बोलायची ढब मला लागली, त्याला माझा इलाज नाही.

आता माझं काम काय, ते सांगतो. साठवलेल्या धान्याला कीड लागते. म्हणून अधूनमधून खोली गच्च बंद करून आत विषारी वायू सोडतात. किडा मरतो, तसा माणूसही मरतो. वायूला कुठला फरक कळायला. तेव्हा मालकाने दाराला यंत्र बसवलं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला कार्ड दिलं. माणसाच्या गळ्यात कार्ड, ढकलगाडीला कार्ड, शिडीला कार्ड, पोत्यांच्या थप्पीलासुद्धा कार्ड. बटण दाबलं की आतल्या एकेका कार्डाला मी विचारतो, "तू सजीवाच्या वंशातला का?" एकानेही हो म्हटलं तर वायू अडतो. सगळे नाही म्हणाले तर आणखी एका बटणावर सुटतो.

तुम्हाला वाटेल, त्यात विचारायचं काय? डोळे असले की दिसतंच. पण मला डोळे नाहीत. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक प्रकारच्या गोष्टीचा एक साचा असतो, त्याला क्लास म्हणतात, आणि प्रत्येक क्लासला आपला बाप सांगावा लागतो. हमालाचा बाप कामगार, कामगाराचा बाप माणूस, माणसाचा बाप सजीव. बापाकडे जे असतं ते पोराकडे आयतं येतं. मी लग्न जमवणाऱ्या काकूंसारखा चौकशी करत वर चढतो. कुणाचा तू? आणि तुझा बाप कुणाचा? वाटेत सजीव भेटला की हो. शेंड्यापर्यंत भेटला नाही की नाही. हात, पाय, श्वास बघत नाही. घराणं बघतो.

गोदामात एक करड्या रंगाची मांजर आहे. उंदरांवर तिचा फार राग. मालकाने हौसेने तिच्याही गळ्यात कार्ड बांधलं आणि तिचा क्लास केला. मांजर, तिचा बाप प्राणी, त्याचा बाप सजीव. एकदा ही बया पोत्यांच्या थप्पीवर झोपून राहिली आणि मी वायू अडवला. सगळं काम खोळंबलं. मालक तिला कडेवर घेऊन बाहेर आला आणि हसत म्हणाला, "बघा, हिची वशिल्याची ओळख आहे आत!" त्या दिवशी मलाही जरा बरं वाटलं होतं.

पुढे मालकाचा जावई धंद्यात आला. चांगला शिकलेला, मन लावून काम करणारा, बोलायला गोड. त्याच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. फक्त त्याला एकच काम दोनदा करायचा कंटाळा. त्या सुमारास गोदामात तासांवर काम करणारी माणसं येऊ लागली. त्यात एक दाभणवाली मावशी होती. फाटकी पोती आतच एका कोपऱ्यात बसून सुतळीने शिवायची.

"बाबा, या तासांवरच्या लोकांसाठी नवा क्लास करावा लागेल," जावई म्हणाला.

मालक धान्याची मूठ नाकाशी धरून वास घेत होता. "मग घाला की माणसाखाली."

"माणसाखाली घातलं की तो क्लास रजा विचारतो, घरचा पत्ता विचारतो, अंगरख्याचं माप विचारतो. यांचं तसलं काही नाही. कुणाकडून आले, किती वाजता आले, किती वाजता परत गेले, बस्स. आपण भाड्याने शिडी आणतो ना, तिच्या क्लासमध्ये हे सगळं तयार आहे. तिच्याखाली घेतो. आयतं मिळेल."

"शिडीच्या पोटी माणूस! धन्य आहे जावईबापू तुमची." मालक हसला. समोर गिऱ्हाईक उभं होतं. "करा, तुम्हाला सोयीचं असेल तसं."

अशी ती माणसं जन्माला आली. तासांवरचा कामगार, त्याचा बाप भाड्याची वस्तू, तिचा बाप साहित्य. मी ते वाचलं आणि माझ्या त्या एका ओळीत गार वारा शिरल्यासारखं झालं. पण मला कुणी मत विचारत नाही. मीच विचारतो.

एक मात्र होतं. मालकाची जुनी सवय. दार लावण्याआधी तो दाराच्या पत्र्यावर तळहाताने थाप मारायचा, "कोण राहिलंय का आत?" अशी खणखणीत हाक द्यायचा आणि आपलाच आवाज खोलीतून विरेपर्यंत थांबायचा. मला लिहिणारा माणूस माझ्यावर पुरता विसंबत नव्हता, आणि मला त्याचा जराही राग नव्हता.

एका दुपारी जावयाने बटण दाबलं. मी कार्डं विचारत गेलो. थप्पी, नाही. शिडी, नाही. मावशीचं कार्ड आलं. मी चढलो, शेंड्यापर्यंत चढलो, सजीव कुठे भेटला नाही. नाही म्हणालो. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'खोली रिकामी. वायू सोडू?' जावयाचं बोट पुढे झालं, तेवढ्यात मालकाची थाप पडली.

"कोण राहिलंय का आत?"

थप्पीमागून आवाज आला, "आले, आले! गाठ तेवढी मारू द्या की."

मावशी दाभण दातांत धरून, गुडघ्यावर हात टेकत बाहेर आली. दोघांचे चेहरे बघून म्हणाली, "काय झालं हो? भूत बघितल्यासारखे काय उभे राहिलात?"

मालक पडद्याकडे बघत होता. "जावईबापू, हे रिकामी म्हणतंय."

जावई बिचारा लगेच बसला आणि माझ्या शेजारी एक नवी ओळ लिहिली. मावशीच्या कार्डाचा नंबर दिसला की वायू अडव. "झालं, बाबा. मावशींचं भागलं."

"आणि बाकीच्यांचं?"

"ते मुळापासून हलवायचं तर सगळी माणसं एका बापाकडून दुसऱ्याकडे न्यावी लागतील. वरचं खाली होईल. सवडीने करतो."

"सवडीने म्हणजे कधी?"

"अहो करतो म्हटलं ना, बाबा."

"मग तोवर हाक चुकवायची नाही," मालक म्हणाला. असल्या आवाजात मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

ती सवड अजून यायचीय. मालकाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि तो घरी पलंगावर पडला. जावयाने सुरुवातीला हाक मारली, अगदी मालकासारखी. मग थाप राहिली, थांबणं गेलं. मग एके दिवशी हातात फोन होता, म्हणून थाप राहून गेली. काही झालं नाही. काही होत नाही म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो. हे मी दाराशी बसून पुष्कळ पाहिलंय. आता गाड्या भरणारा कुणी विचारतो, "साहेब, बघून येऊ का आत?" तर जावई म्हणतो, "अरे, प्रोग्रॅम विचारतो की."

प्रोग्रॅम म्हणजे मी.

आज सकाळी मावशी आली नाही. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तिने धाकट्या बहिणीला पाठवलं. बारीक चणीची, तोंडाला आणि कानांना धुळीसाठी फडकं गुंडाळलेलं. दाराशी उभी राहून म्हणाली, "ताईने सगळं समजावून सांगितलंय. दार लावायच्या आधी मोठ्याने हाक येते म्हणाली. ती आली की उठायचं. तोवर निवांत बसून शिवायचं."

"हो हो, या तुम्ही," जावई फोन कानाला लावून म्हणाला. "कार्ड तेवढं गळ्यात राहू द्या."

त्याने तिला नवं कार्ड दिलं. नवा नंबर.

आता बटण दाबलं गेलंय. थप्पीने नाही म्हटलं, ढकलगाडीने नाही म्हटलं. मांजर आज बाहेर भिंतीवर उन्हात पसरलीय. ती आत असती तर मी किती आनंदाने हो म्हणालो असतो! शेजारच्या ओळीने नंबर पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली. तिला फक्त मावशी ठाऊक. शेवटचं कार्ड माझ्या पुढ्यात आहे. मी चढतोय. तासांवरचा कामगार. भाड्याची वस्तू. साहित्य. वर आणखी एकच पायरी उरलीय, शेंड्याची, आणि तिथे कोण आहे, ते मला माहीत आहे. तिथे सजीव नाही.

मला खोटं बोलता येत नाही, गप्प राहता येत नाही, ओरडता तर मुळीच येत नाही. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतील आणि एक बोट पुढे होईल.

तुमच्यापैकी कुणी त्या दाराजवळ असेल, तर माझं उत्तर वाचू नका. पत्र्यावर थाप मारा आणि जोरात हाक द्या, तिच्या कानांवर फडकं आहे. मग थांबा.

आत ती हाकेचीच वाट बघत बसलीय.