सगळ्यांना सारख्याच नाइट

रात्रपाळी करून आलेल्या बाईला भर दुपारी उठवून इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारणाऱ्या मुलीचं काय करावं, हे अ‍ॅग्नेसला नर्सिंगच्या कोणत्याही पुस्तकात शिकवलं नव्हतं. आखातातल्या त्या शहरात ईसा टाउनच्या शाळेची बस येऊन गेली होती, दप्तर दारातच पडलं होतं, आणि बारा वर्षांची रेजिना पलंगाशी उभी राहून विचारत होती, "मम्मी, व्हॉट इज इक्वेट?"

अ‍ॅग्नेसने डोळे न उघडताच सांगितलं की पप्पांना विचार. ते विचारून झालं होतं. इलायस हॉटेलच्या रिसेप्शनवर होता. मुलीने तिथे फोन केला तेव्हा त्याने समोरच्या गिऱ्हाइकाला थांबवून सांगितलं की फुटबॉलमध्ये दुसऱ्या टीमने गोल फेडला की होतं ते. ते इक्वलाइझ, एवढं रेजिनाला ठाऊक होतं. लग्नाआधी वसईच्या एका टीमकडून खेळल्यापासून इलायसला जगातली प्रत्येक गोष्ट फुटबॉलमध्येच दिसायची, आणि त्याचं निस्तरायला नेहमी अ‍ॅग्नेसच लागायची.

ती उठली, चहा टाकला. रेजिनाला उद्या वर्गात उभं राहून या शब्दाचे समानार्थी शब्द सांगायचे होते आणि आपल्या घरातलं एक वाक्य करून दाखवायचं होतं. अ‍ॅग्नेसने कम्पेअर सुचवला. रेजिना म्हणाली नो, त्यात फरकही बघतात. मॅच? तो कपड्यांना. लायकन जरा जवळचा, पण तो नुसता सारखं दिसतं म्हणतो, एकच आहे असं म्हणत नाही. एवढं कळतंय तर मला कशाला उठवलंस, असं अगदी अ‍ॅग्नेसच्या ओठांवर आलं. मराठी सगळं समजणारी आणि उत्तर मात्र इंग्रजीतच देणारी ही पोर एरवी होमवर्क कसाबसा उरकून खाली खेळायला पळायची. आजच तिला शब्दाचा कीस काढायचा होता.

अ‍ॅग्नेसच्या डोक्याला आधीच ताप कमी नव्हता. संध्याकाळी इलायस सुट्टीतल्या वसईच्या फेरीची विमानाची तिकिटं आणायला जाणार होता, नवराबायकोची जायची-यायची आणि रेजिनाची नुसती जायची. सुट्टी संपली की रेजिनाने वसईला आपल्या आत्याकडे, मार्सेलिनाकडे राहायचं आणि तिथल्याच शाळेत जायचं, असं ठरलं होतं. हॉस्पिटलात नवी मेट्रन आली होती आणि तिने आल्या आल्या सगळ्या नर्सना सारख्याच नाइट लावल्या होत्या. इलायसचीही शिफ्ट बदलती. दोघं बाहेर असली की उम्म अल हस्सम भागातल्या त्या फ्लॅटमध्ये पोर एकटी. तेव्हा आत्या काय नि आई काय, सारखंच, असं अ‍ॅग्नेस महिनाभर म्हणत होती. मार्सेलिना जीव लावणारी होती, त्यात काही खोट नव्हती. रेजिना यावर एकदाही बोलली नव्हती, आणि बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं धरून आईबाप मोकळे झाले होते.

"मम्मी, वन मोअर सिनोनिम," रेजिना म्हणाली, आणि तेवढ्यात चहा उतू गेला. पाठोपाठ अ‍ॅग्नेसही उतू गेली.

"नीट ऐक बाय, परत सांगणार नाही. आमच्या त्या मेट्रनला काय वाटतं? हॉस्टेलात राहणारी लग्न न झालेली पोरगी आणि घरी लेकरू टाकून येणारी मी, दोघी सेम. म्हणून दोघींना सारख्या नाइट. आहोत का आम्ही सेम? नाही. पण ती तसं धरून चालते. याला म्हणतात इक्वेट. खलास. आता मला चहा पिऊ दे."

रेजिनाने थोडा विचार केला आणि विचारलं, "डिड यू टेल हर?"

अ‍ॅग्नेसने मेट्रनला काहीच सांगितलं नव्हतं. व्हिसा हॉस्पिटलचा, नोकरी गेली की तोही जाणार, आणि कुरकुर करणाऱ्या बाईचं नाव लगेच वरपर्यंत जातं. पण हे पोरीसमोर कबूल करणं तिच्या जिवावर आलं. तू तुझं वाक्य कर, एवढंच ती तुटकपणे म्हणाली.

"आय हॅव वन," रेजिना म्हणाली. "माय मदर इक्वेट्स माय आत्या विथ हरसेल्फ."

अ‍ॅग्नेसला आधी रागच आला. घरातल्या गोष्टी आता वर्गात उभं राहून सांगणार काय, आत्याने तुझं असं काय वाईट केलंय, दर सुट्टीत तुझ्यासाठी चुलीपुढून हलत नाही ती, असं बरंच तिने सुनावलं. रेजिना मान हलवत राहिली. तिला सगळं मान्य होतं. मग ती कधी करत नसे ते तिने केलं, शब्द शोधत, अडखळत मराठीत बोलली.

"आत्या चांगली आहे. मला आवडते. पण ती आत्या आहे. तू आई आहेस."

अ‍ॅग्नेसने कप तसाच खाली ठेवला. महिनाभर आपण मेट्रनवर दात खातोय आणि घरात आपणही तेच केलंय, हे तिला कळलं. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त स्वतःची चीड आली. पोटच्या पोरीला एवढं सांगायला शाळेच्या पुस्तकातला शब्द हाताशी धरावा लागला होता.

तिने हॉटेलला फोन लावला आणि इलायसला सांगितलं की रेजिनाचंही तिकीट जायचं-यायचं काढ. नाइटचं काय, त्याने विचारलं. आज ड्यूटीच्या आधीच जाऊन मेट्रनशी बोलणार आहे, ती म्हणाली. तिने नाही ऐकलं तर? तर दुसरीकडे बघू, आणि तोवर दोघांच्या शिफ्ट कशा जुळवायच्या ते आपण दोघं बघू, पोरीने नाही. व्हिसाचं भय तिला होतंच, पण ते तिने बोलून दाखवलं नाही.  मग इलायस हळूच म्हणाला की मार्सेलिनाने पोरीसाठी नवी खाट करून घेतलीय, खिडकीला पडदे शिवलेत, सगळ्या आळीला सांगून ठेवलंय. तिला किती लागेल.

अ‍ॅग्नेसने डोळे मिटले. मार्सेलिनाचं ते एकटीचं घर तिला दिसलं.

"लागेल," ती म्हणाली. "खूप लागेल. मी तिच्यापुढे बसून तिची माफी मागेन. पण तिचं लागणं आणि रेजिनाचं लागणं सारखं धरू नकोस, इलायस. मी रेजिनाची आई आहे."