निर्माल्यातली कुपनं

२००९च्या उन्हाळ्यात दुबई झोपेत चालल्यासारखी वाटायची. अर्धवट बिल्डिंगांवरच्या क्रेन्स आकाशात हात वर करून थबकलेल्या. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या घराखाली, मंदीत नोकऱ्या गेलेले लोक सोडून गेलेल्या गाड्यांवर धुळीचा इतका मऊ थर बसला होता, की मला त्या झोपलेले उंटच वाटायच्या.

आमची गाडी मात्र जागी होती. चार महिने घरी बसलेल्या बाबांना दूरच्या रुवैसला नोकरी लागली होती आणि रविवारी तिथे हजर व्हायचं होतं. इतक्या लांब गाडीशिवाय जाणार कसं? आणि गाडीचं रजिस्ट्रेशन संपलेलं. ते रिन्यू करायला गेलेले बाबा तसेच परत आले.

"पार्किंगचे तीन दंड निघालेत. ते मिटल्याशिवाय रिन्यू करत नाहीत. साडेचारशे दिरम."

"म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपये!" आई म्हणाली. "अहो, पण मशीनमधून कुपन मी दर वेळी काढलंय."

"मग इन्स्पेक्टरला दिसलं कसं नाही? जाऊ दे, मंजुषा. शेजारच्या सुजीतकडून उसने घेतो, भरतो, खलास."

"नो वे, बाबा! वी पेड!" मी सोफ्यावरून उडीच मारली. "आपण अपील करायचं."

"आणि पुरावा कुठून आणणार, वकीलबाई?"

आई एकदम उठली. मग खाली जाऊन गाडीतली निर्माल्याची पिशवी घेऊन आली. तिने ती टेबलावर उपडी केली. सुकलेला झेंडू, तपकिरी मोगरा, आणि त्यात तीन कुपनं, कुंकवाने गुलाबी झालेली.

"तुमचा इंटरव्ह्यू असला की तुम्ही आत गेल्यावर मी कुपन काढायचे आणि डॅशबोर्डवरच्या बाप्पाच्या आसनाखाली ठेवायचे. वर फुलं, आणि मी सावलीत जाऊन बसायचे," ती हळूच म्हणाली. "बाप्पाला वाहिलेलं कचऱ्यात कसं टाकू? शुक्रवारी समुद्रात सोडणार होते."

"धन्य आहे! म्हणजे बाप्पाला कुपन दिसत होतं, फक्त इन्स्पेक्टरला नाही!" बाबा इतके हसले, इतके हसले! चार महिन्यांत पहिल्यांदाच.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं वाहतूक खात्याच्या काउंटरवर. पुढे शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे आज नाही तर नाहीच. काउंटरवरच्या बाईंच्या बिल्ल्यावर 'शहनाझ' लिहिलेलं.

बाबांनी हात जोडले. "मॅडम, गलती हो गई, माफ..."

"बाबा, सॉरी नाही म्हणायचं!" मी त्यांचा शर्ट ओढला आणि कुपनं पुढे सरकवली.

शहनाझ मॅडमनी एक कुपन नाकाशी नेलं. "बेटा, इस में से मोगरे की खुशबू क्यों आ रही है?"

मग मी सुटलेच. अर्धं हिंदी, अर्धं इंग्लिश, इंटरव्ह्यू, आसन, समुद्र, सगळं. माझा आवाज हॉलभर घुमतोय हे मला कळत होतं आणि चक्क आवडत होतं. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मॅडमनी खुर्ची मागे सारली.

"चलो, गाड़ी दिखाओ."

बाहेर ऊन पाण्यासारखं हलत होतं. सगळं पार्किंग तळ्यात बुडाल्यासारखं, आणि आमची पांढरी गाडी त्यात तरंगणारी. मी आत बसले, कुपन आसनाखाली सरकवलं, वर मोगरा ठेवला. मॅडम काचेबाहेर वाकल्या, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. काचेपलीकडून त्या मला फार दुरून, स्वप्नातून बघताहेत असं वाटलं. त्यांचे ओठ हलले.

मी काच खाली केली.

"नहीं दिखता," त्या म्हणाल्या. "सच में नहीं दिखता!"

आत येऊन त्यांनी तारखा ताडून पाहिल्या. दोन शिक्के उमटले, दोन दंड रद्द. तिसऱ्यावर त्या थांबल्या.

"ये कूपन ग्यारह बीस तक था. चालान ग्यारह पैंतालीस का है. ये तो भरना पड़ेगा. इतनी देर कहाँ थे आप?"

बाबांनी तारीख बघितली आणि चक्क लाजले. "अंदर ही था, मॅडम. उन्होंने छोड़ा ही नहीं. नौकरी उसी दिन मिली."

त्यांनी पाकीट काढलं आणि पेढे वाटावेत तसे दीडशे दिरम काउंटरवर ठेवले.

गाडीत बसल्यावर आईने पावतीची घडी केली आणि बाप्पाच्या आसनाखाली सरकवली. बाबांनी पाहिलं आणि हसून किल्ली फिरवली. ही पावती कुणाला दिसायची गरजच नव्हती.

"यल्ला, चला," ते म्हणाले, आणि आम्ही रजिस्ट्रेशन करायला निघालो, दोन्ही बाजूंच्या झोपलेल्या उंटांना न उठवता.