आडनावाची सहावी तऱ्हा

साहेब, तुम्ही नऊ वर्षं एका बाईच्या तोंडावर खोटं बोललात. चुकून नाही, विसरून नाही. पाठीमागच्या कपाटात फाइल असताना, चहा ढवळत ढवळत बोललात.

ही बाई चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासते. ती चार वर्षांची असताना तिच्या आईला डोक्यावर परिणाम झाला म्हणून इस्पितळाच्या गाडीतून नेलं, ते कायमचंच. घरात विचारलं की, "गेली असेल," एवढंच. कधी, कुठे, ताकास तूर लागू देतील तर शपथ. बाप गेल्यावर तिने ठरवलं, आईचा शेवट तरी शोधायचा. त्या जुन्या इस्पितळाचे कागद रेकॉर्ड ऑफिसात होते, आणि कागदांवर हे साहेब बसले होते.

अडचण आडनावाची. बाप अंगठेबहाद्दर, समोरचा ऐकेल तसं लिहिणार. घरभाड्याच्या पावतीवर एक, कारखान्याच्या हजेरीत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. कुणी शेवट लांबवलेला, कुणी जोडाक्षर फोडलेलं, कुणी मधलं अक्षर चक्क गिळलेलं. तेव्हा थोरला भाऊ धावून आला. दादा वकिलाकडे कारकून, कागदपत्रात मुरलेला. बाप जाऊन महिना झाला त्या दिवशी त्याने तिला यादी करून दिली. पाच तऱ्हा.

"हे घे. आपलं आडनाव याच्या बाहेर जात नाही."

मग हेलपाटे सुरू झाले. महिन्याची एक सुट्टी रेकॉर्ड ऑफिसच्या बाकावर जायची.

"नाही सापडत हो, ताई."

"मग पुढचं बघा ना."

"तेही नाही. तुमचं आडनाव म्हणजे मोडकी छत्री आहे, दर वाऱ्याला वेगळीच उलटते!"

ऑफिस हसायचं. तीही हसायची. अडलेल्या माणसाला हसावंच लागतं.

गेल्या सोमवारी साहेब रजेवर होते. त्यांच्या खुर्चीत बदलीवर आलेली, निवृत्तीला टेकलेली एक कारकूनबाई. तिने यादी बघितली आणि बाजूला सारली.

"अगं, आडनाव लिहिणाऱ्याच्या मर्जीचं. त्यावर काय शोधतेस? घर कुठल्या गल्लीत होतं ते सांग."

गल्लीवार वेगळी वही होती. नऊ वर्षं होती. दहा मिनिटांत आई सापडली. आईचं नाव, बापाचं नाव, वय सत्तावीस, आणि आडनावाची सहावी तऱ्हा, दादाच्या यादीत नसलेली.

आई इस्पितळात मेली नव्हती. सव्वा वर्षात बरी झाली होती. 'न्यायला कोणी आले नाही' असा शेरा, आणि पुढे निराधार बायकांच्या आश्रमात रवानगी. कुठल्या, ते लिहिलेलं नव्हतं.

फाइलच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी डकवलेली असते. फाइल जो बघेल त्याने तिथे सही करायची, असा नियम. तिथे एकच सही होती. दादाची. तारीख, यादी दिली त्याच्या आदल्या आठवड्यातली. मागे त्याच्याच अक्षरात अर्ज: 'आईचा सध्याचा पत्ता मिळाला. माझ्या बहिणीस ही माहिती देऊ नये.' आणि त्यावर, साहेब, तुमचा शेरा: 'ठीक.'

एका माणसाने तुमच्याकडे येऊन सांगितलं, आणि तुम्ही एका लेकीची आई कपाटात ठेवून दिलीत. आणि दादाने पाच तऱ्हा निवडून निवडून दिल्या होत्या, आई जिथे नाही अशा.

ती तशीच त्या कागदांची नक्कल घेऊन दादाच्या दारात गेली. तो चपला घालत होता.

"हे कुणी दिलं तुला?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"सही तुझी ना?"

"आत ये. पाणी पी आधी."

"पाणी नको. सही तुझी ना?"

"माझ्या पोरीचं लग्न जमत होतं गं तेव्हा. आजी वेड्यांच्या इस्पितळात होती हे कळलं असतं तर? उद्या तुझ्या पोरीलाही तेच. तुझ्या भल्यासाठीच मी..."

"माझं भलं माझ्या गळ्यात मारू नकोस! दर महिन्याला तुला येऊन सांगायचे, दादा, आजही नाही मिळालं. तू पाठीवर हात ठेवायचास. धीर धर म्हणायचास."

"मग काय म्हणू? मी गेलो होतो एकदा तिच्या आश्रमात." दादाचा आवाज एकदम कडवट झाला. "दोन तास प्रवास करून गेलो. माझ्याकडे धड बघितलंही नाही तिने. सारखं तुझंच. धाकटी कुठे आहे, धाकटी का नाही आली."

तिने दाराची चौकट धरली. आतून वहिनी डोकावली आणि मागे सरली.

"पत्ता सांग."

"नऊ वर्षं झाली. आता असेल की नसेल, देव जाणे."

"ते मी बघीन. पत्ता सांग. आणि तिने विचारलं, धाकटी का नाही आली, तेव्हा तू काय उत्तर दिलंस? खाली बघू नकोस, दादा. काय सांगितलंस माझ्या आईला?"